फाइल लहान होते म्हणजे नेमकं काय होतं?

गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची नावं-पत्ते असलेली लांबलचक यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती झिप करा. आकार चौथ्या-पाचव्या हिश्शावर येईल. आता त्याच संस्थेच्या स्नेहसंमेलनाचे ४० फोटो एका फोल्डरमध्ये घालून तो फोल्डर झिप करा. २०० एमबीचे १९८ झाले तरी खूप. सॉफ्टवेअर तेच, बटण तेच, मग एकदा एवढा फरक पडतो आणि एकदा काहीच पडत नाही, असं का? याचं उत्तर एकदा नीट कळलं की ईमेलला न जाणारी फाइल, अर्जात न चढणारा फोटो, धूसर आलेला स्कॅन अशा रोजच्या अडचणींत काय करायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

आपण ‘कॉम्प्रेस करणं’ म्हणतो तेव्हा त्यात दोन अगदी वेगळी कामं येतात. पहिल्यात फाइल थोडक्यात लिहून ठेवली जाते आणि उघडताना एकही बिट न बदलता जशीच्या तशी परत मिळते. झिप, सेव्हनझिप, रार, पीएनजी ही या जातीची. दुसऱ्यात फाइलमधली काही माहिती कायमची टाकून दिली जाते आणि उरलेली थोडक्यात लिहिली जाते. जेपेग फोटो, एमपीथ्री गाणी, मोबाइलवरचे व्हिडिओ या जातीचे. पहिल्यात गमावण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात जे गेलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून कोणतीही फाइल लहान करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही मला जशीच्या तशी परत हवी आहे का?

आधी पहिल्या जातीचं पाहू. आरत्यांच्या छापील पुस्तकात ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली फक्त ॥धृ॥ एवढी खूण असते. म्हणणाऱ्याला ते पुरतं, काही हरवत नाही आणि कागद वाचतो. झिपचं निम्मं काम अगदी असंच चालतं. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ साली ही पद्धत मांडली. मजकूर वाचत पुढे जायचं. समोर आलेला तुकडा आधी कुठे येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. ‘इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल’ एवढेच दोन आकडे लिहायचे.

सभासदांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कोथरूड, पुणे ४११०३८’ आहे असं धरा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, एवढ्या मजकुराला ५१ बाइट लागतात. पहिल्या सभासदाच्या वेळी ते सगळे लिहावे लागतात. दुसऱ्यापासून मात्र मागे बोट दाखवणारी खूण पुरते आणि तिला साधारण दोन-तीन बाइट लागतात. यादी जितकी लांब, तितका फायदा मोठा. उलट चार ओळींची चिठ्ठी झिप केली तर ती वाढलेलीही दिसते, कारण मागे बोट दाखवायला अजून काही आलेलंच नसतं आणि झिपची स्वतःची नोंदवही वर चिकटते.

यूटीएफ-८ चा उल्लेख आलाच आहे तर मराठीपुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी. या साठवणीत इंग्रजीचं अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग तो ‘क’ असो की नुसता काना, तीन बाइट घेतं. जुन्या फाँटांमध्ये एका चिन्हाला एक बाइट पुरायचा, त्यामुळे युनिकोडमध्ये मराठी फाइल तिप्पट जड होते अशी तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येत होती. ती खरी होती, पण अर्धीच. त्या तीन बाइटांपैकी पहिला बाइट देवनागरीच्या प्रत्येक चिन्हात तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. नवी माहिती असते ती बहुतेक तिसऱ्या बाइटात. झिपसारख्या पद्धतीला ही पुनरावृत्ती लगेच सापडते आणि वाढलेल्या वजनाचा मोठा भाग उतरतो. वेबसाइटही आपली मराठी पानं बहुधा अशीच दाबून पाठवतात. तेव्हा फाइलचं वजन हे जुन्या फाँटला चिकटून राहण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

झिपचं दुसरं निम्मं काम अक्षरांच्या वारंवारतेवर चालतं. मराठी मजकुरात काना पावलोपावली येतो, ‘ञ’ क्वचितच. दोघांना सारखीच जागा देणं ही उधळपट्टी आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी वर्गाला सांगितलं, अंतिम परीक्षा द्या किंवा एक निबंध लिहा. निबंधाचा प्रश्न होता: प्रत्येक चिन्हाला कमी-अधिक लांबीची खूण द्यायची, तर सर्वांत काटकसरीची वाटणी कोणती? डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध घेतला आणि खुद्द फॅनोंनाही न सापडलेलं बिनचूक उत्तर शोधलं. ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही जवळपास प्रत्येक झिपमध्ये आणि बहुतेक जेपेगमध्ये काम करतं.

छोटं गणित करून पाहा. १०० चिन्हांच्या मजकुरात ‘क’ ६० वेळा, ‘ख’ २० वेळा, ‘ग’ आणि ‘घ’ प्रत्येकी १० वेळा आहेत. चौघांना सारखे दोन-दोन बिट दिले तर २०० बिट लागतील. हफमनच्या रीतीने ‘क’ला ०, ‘ख’ला १०, ‘ग’ला ११० आणि ‘घ’ला १११ द्या. आता ६० अधिक ४० अधिक ३० अधिक ३०, म्हणजे १६० बिटांत तोच मजकूर बसला. शिवाय कोणतीही खूण दुसऱ्या खुणेची सुरुवात नाही. त्यामुळे खुणा सलग लिहिल्या तरी वाचताना घोटाळा होत नाही, मध्ये स्वल्पविरामाची गरज पडत नाही.

या दोन कल्पना अमेरिकी प्रोग्रॅमर फिल कॅट्झ यांनी एकत्र बांधल्या. १९८९ साली त्यांचं पीकेझिप आलं आणि झिपची रचना त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे झिप उघडतं त्याचं श्रेय त्या मोकळेपणाला आहे.

आता फोटो झिप का होत नाहीत ते सहज कळेल. झिप पुनरावृत्ती शोधतं, आणि जेपेगमधली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. उरलेले बिट योगायोगाने पडल्यासारखे दिसतात. त्यांत मागे बोट दाखवण्याजोगं काही नसतं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या शोधनिबंधात याची मर्यादाच गणिताने दाखवून दिली: संदेशात जितकी अनपेक्षित माहिती आहे तिच्याखाली तो बिनचूक दाबता येत नाही. साध्या मोजणीनेही हे पटतं. दहा बिटांच्या वेगवेगळ्या फाइल १,०२४ होऊ शकतात. दहापेक्षा कमी बिटांच्या, अगदी रिकामी धरूनही, १,०२३ च होतात. प्रत्येकीला तिची तिची लहान फाइल देणं अशक्य आहे. म्हणून ‘कोणतीही फाइल ९० टक्के लहान, दर्जा तोच’ अशी जाहिरात करणारं अॅप दिसलं तर ते मोबाइलमध्ये घेऊ नका.

मग फोटो लहान होतो तो कसा? साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४,००० गुणिले ३,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर ३६ एमबी होतात. तुमच्या गॅलरीत मात्र तो बहुधा तीन ते पाच एमबीचा दिसतो. हे घडवणाऱ्या गणिताचं मूळ बंगळुरूला जन्मलेल्या नासिर अहमद यांच्याकडे जातं. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला. त्याआधी या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. जेपेगमध्ये आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये आज त्याच कल्पनेची रूपं आहेत. हे नाव आपल्याकडच्या संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. त्या ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ नवे आकडे येतात: पहिला त्या चौकोनाची सरासरी सांगतो, पुढचे त्यातले सावकाश आणि मग अधिकाधिक बारीक चढउतार सांगतात. बारीक चढउतार डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते आकडे ढोबळ केले जातात आणि बरेचसे शून्यच होतात. सलग शून्यं लिहायला फारशी जागा लागत नाही. रंगांच्या बाबतीत तर डोळा आणखी उदार आहे, म्हणून रंगांचा तपशील बहुधा निम्म्याच बारकाईने ठेवतात. आकाश, चेहरे, डोंगर यांना हे छान मानवतं. छापील अक्षरांना मुळीच मानवत नाही, कारण काळ्या शिरोरेषेची पांढऱ्या कागदाशी असलेली कडा हाच मुळी बारीक चढउतार. तोच ढोबळ झाला की शिरोरेषेभोवती राखाडी ठिपके उमटतात, अनुस्वार पुसट होतात. म्हणून स्क्रीनशॉट, जाहिरातीची अक्षरं, तक्ते, शिक्के हे पीएनजीमध्ये ठेवा, फोटो जेपेगमध्ये.

जेपेग उघडून, थोडं कापून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केलं की आकडे पुन्हा ढोबळ होतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवतानाही तो लहान केला जातो, आणि दहा ग्रुप फिरून आलेला फोटो धूसर का दिसतो ते यावरून कळेल. दिवाळी अंकासाठी किंवा स्मरणिकेसाठी फोटो मागवत असाल तर पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगा: फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तसा तो मूळ स्वरूपात येतो.

ऑनलाइन अर्जातल्या फोटोचा प्रश्न याच ज्ञानाने सुटतो. बँकभरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी असं बंधन असतं. पाच एमबीचा फोटो ५० केबीत आणायला बरेच जण दर्जाची पट्टी तळाला नेतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. क्रम उलटा करा. आधी ठिपके कमी करा, मग गरज पडली तरच दर्जा. असा अर्ज साधारण २०० गुणिले २३० ठिपके मागतो. ते झाले ४६,०००, म्हणजे न दाबताही अवघे १३८ केबी. त्याचं ५० केबीचं जेपेग करताना चेहऱ्याला धक्काही लागत नाही. फोटो कापून घ्या, विंडोजच्या पेंटमध्ये ‘रिसाइझ’ मध्ये ठिपक्यांचे आकडे भरा, सेव्ह करा. हे काम फुकटात करून देणाऱ्या वेबसाइट शेकडो आहेत, पण आधार, पॅन, सही यांच्या प्रती अनोळखी सर्व्हरवर चढवण्याची काहीच गरज नाही.

कागदपत्रांच्या स्कॅनबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिथे चूक महागात पडते. ए-फोर कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केला तर २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात आणि न दाबता २६ एमबी भरतात. राखाडी छटांत तेच ८.७ एमबी, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, एका ठिपक्याला एक बिट, जेमतेम १.१ एमबी. म्हणजे दाबण्याची कोणतीही युक्ती वापरण्याआधीच स्कॅनरवरचा एक पर्याय बदलून आकार चोविसाव्या हिश्शावर येतो. शिक्का, सही किंवा पेनाचा रंग महत्त्वाचा नसेल तर टंकलिखित कागद काळ्या-पांढऱ्यात घ्या. रंग हवाच असेल तर १५० ते २०० डीपीआय वाचायला पुरतं. पीडीएफ झिप करण्यात मात्र वेळ घालवू नका; पीडीएफच्या आतला मजकूर आणि चित्रं बहुतेक वेळा आधीच दाबलेली असतात.

‘अतिशय लहान पीडीएफ’ असा पर्याय स्कॅनरवर दिसला तर सावध राहा. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्याकडे इमारतीच्या नकाशाची झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत आली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्हींवर १४.१३ छापलेलं. अक्षर पुसट नाही, डाग नाही, स्वच्छ आणि साफ चूक. कारण होतं दाबण्याच्या पद्धतीत. जेबिग-टू नावाच्या त्या पद्धतीत सारखे दिसणारे आकार एकदाच साठवून जिथे-तिथे तेच वापरता येतात, आणि यंत्राने वेगळे तुकडे सारखे मानले होते. कंपनीला पुढे दुरुस्ती द्यावी लागली. आपल्या कागदांवर तर घ-ध, भ-म आणि १-९ यांत एखाद्या रेघेचाच फरक असतो. सातबारा, खरेदीखत, गुणपत्रिका, वैद्यकीय अहवाल यांना म्हणून असा पर्याय कधीच लावू नये, आणि स्कॅन झाल्यावर आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

पुन्हा झिपकडे येऊ, कारण दाबण्याखेरीजही त्याचे उपयोग आहेत. ४० फोटो झिप करून आकार घटत नसला तरी ४० फाइलींची एक फाइल होते, नावं आणि फोल्डरची रचना टिकते, आणि प्रत्येक फाइलसोबत तपासणीचा एक आकडा जातो. वाटेत एखादा बिट बदलला तर उघडताना तो पकडला जातो. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. म्हणून डाउनलोड ९९ टक्क्यांवर तुटलं तरी ‘फाइल खराब आहे’ असं येतं. अशा वेळी पाठवणाऱ्याला दोष देण्याआधी पुन्हा डाउनलोड करून पाहा.

वर्डची डॉकएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि ईपबची पुस्तकं हीसुद्धा आतून झिपच असतात. एखाद्या लेखकाने फोटो वेगळे न पाठवता वर्डमध्ये चिकटवून पाठवले, तर त्या फाइलची एक प्रत काढा, नावातलं शेवटचं ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. ‘वर्ड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’ नावाचा फोल्डर असतो. त्यात सगळे फोटो एकत्र मिळतात. पानावरून एकेक फोटो कॉपी करत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

झिप की सेव्हनझिप, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबतं आणि एका वेळी ३२ केबी एवढंच मागचं पाहतं. त्याहून मागे तोच मजकूर असला तरी त्याला तो दिसत नाही. इगोर पाव्हलोव्ह यांचं मोफत सेव्हनझिप कितीतरी लांबवर मागे पाहतं आणि एकसारख्या फाइली सलग एकत्र दाबू शकतं. एकाच यादीच्या महिन्यागणिक ठेवलेल्या प्रती असतील तर फरक डोळ्यांत भरतो. स्वतःच्या साठ्यासाठी ते वापरा. दुसऱ्याला पाठवायचं असेल तेव्हा झिपच पाठवा, कारण ते कुठेही उघडतं. ईमेलसाठी आणखी एक लक्षात ठेवा: जोडलेली फाइल पाठवताना तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार तिसऱ्या हिश्शाने वाढतो. म्हणून ईमेलची मर्यादा २५ एमबी असेल तर तिला अगदी टेकू नका.

पासवर्ड लावायचा असेल तर सेव्हनझिपमध्ये एईएस-२५६ हा पर्याय निवडा. झिपची जुनी संरक्षणपद्धत कमकुवत आहे. पासवर्ड असला तरी झिपमधल्या फाइलींची नावं कोणालाही दिसतात. नावंच गुप्त राहायला हवीत, तर सेव्हनझिपच्या स्वतःच्या प्रकारात नावंही झाकण्याची सोय आहे. फाइलींची नावं मराठीत असतील तर झिप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. जुन्या सॉफ्टवेअरने नाव यूटीएफ-८ मध्ये आहे ही खूण लावली नसेल, तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. आतली फाइल शाबूत असते, पण ५० फाइलींत कोणती कुठली हे कळेनासं होतं.

मिळालेल्या झिपवर दोनदा क्लिक करून आतल्या आतच वर्डची फाइल उघडून दुरुस्त्या करू नका. ती तात्पुरती प्रत असते आणि तुमच्या दुरुस्त्या हरवू शकतात. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग काम. साठवणीसाठी झिप केल्यावर मूळ फाइली पुसण्यापूर्वी सेव्हनझिपमधलं ‘टेस्ट’ चालवा. ते सगळं काही आतल्या आत उलगडून प्रत्येक फाइलचा तपासणीचा आकडा जुळतो की नाही ते सांगतं, आणि मोठ्या फोल्डरलाही त्यासाठी फार वेळ लागत नाही.